तीन ठोके

आमच्या फुलपाड्यातल्या झाडून सगळ्या भिंतींना बोलता येतं, आणि त्यांचं बोलणं समजणारा माणूस अख्ख्या विरारमध्ये बरीच वर्षं एकच होता, तो म्हणजे आमच्या सोसायटीचा प्लंबर. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहिते आहे. मी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यानंतर ज्यांना कोणालाच व्हायचं नव्हतं त्या सगळ्यांनी एकमताने मला सोसायटीची सेक्रेटरी केलं, तेव्हा भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला ना आधी सवड होती ना नंतर. पण आता दुपारची सामसूम झाली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत कुठेतरी टक् झालं, की मी हातातलं काम थांबवते आणि पुढचा ठोका येतो का याची वाट बघते. ही सवय मला काकांनी लावली. काका म्हणजे तेच, प्लंबर. शेंबड्या पोरांपासून नव्वदीच्या आजींपर्यंत त्यांना सगळेच काका म्हणत, आणि आजींनी म्हटलं की ते जरा रुसत.

काका गास गावाच्या बाजूला राहायचे. उंच, काटकुळे, मानेत थोडे वाकलेले, आणि उजवा कान डाव्यापेक्षा किंचित चपटा. भिंतीला लावून लावून तो तसा झाला असं ते अभिमानाने सांगत. वडील मिठागरावर कामाला होते. भरतीचं पाणी बांधापर्यंत आलं की नाही हे ते बांधाला कान लावून सांगायचे म्हणे, आणि तीच विद्या मुलाने विरारच्या इमारतींना लावली. काकांनी दाराची बेल कधी वाजवली नाही. दारावर मोजून दोन ठोके मारून ते गप्प उभे राहत. आत आले की चप्पल कोपऱ्यात, पिशवी खाली, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "लाटनं द्या." घरोघरच्या बायकांना पहिल्यांदा धक्काच बसे. काका लाटण्याचं एक टोक भिंतीला लावत, दुसरं कानाला, डोळे मिटत आणि हळूहळू सरकत जात, डॉक्टर पाठ तपासतात तसे. मधेच थांबून बोटाने खूण करत आणि म्हणत, "हितं पानी वाट चुकलंय." तिथे छिन्नी लावली की तिथेच ओल निघायची, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. लाटणं जुनं असेल तर जास्त ऐकू येतं असं त्यांचं मत होतं. समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याने कौतुकाने नवंकोरं लाटणं दिलं, तर ते परत करून म्हणाले, "हे अजून चपात्या शिकतंय. शेजारून मागा."

इथवर सगळं गमतीचं होतं. पण भिंतीला कान लावणाऱ्या माणसाला फक्त पाणीच ऐकू येतं असं नाही. एकदा आमच्याकडे काम करता करता त्यांनी मला विचारलं, "सेक्रेटरीबाई, वर दोनशे चारमध्ये कोन राहतं?" मी म्हटलं, कोणी नाही. आमच्या बरोबर डोक्यावरचा तो फ्लॅट. तिथले आजोबा गेल्यापासून वर्षभर कुलूप होतं, मुलगा पुण्याला आणि किल्ली माझ्याकडे. काका लाटणं कानाला तसंच धरून म्हणाले, "मग रोज साडेतीनला नळ कोन सोडतं? चहाचं आधण ठेवावं येवढंच पानी घेतात. लगेच बंद." आजोबांचा चहा साडेतीनचाच होता. ही गोष्ट मी काकांना कधी सांगितली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना साक्षीला घेऊन आम्ही कुलूप उघडलं. आत वर्षभराची धूळ, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही, आणि ओट्यावर नळाखाली एक छोटं पातेलं काठोकाठ भरलेलं. नळ थेंब थेंब गळत होता, बस्स. काकांनी वॉशर बदलला, पातेलं उपडं घातलं आणि मोकळ्या खोलीला उद्देशून शांतपणे म्हणाले, "आजोबा, आता खालच्या छताला ओल येतेय हां. पुरे करा." काकू तिथेच खाली बसल्या. मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे बाहेर जिन्यात येऊन मग बसले.

काकूंचा आणि काकांचा खरा तंटा मात्र ठोक्यांवरून होता. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला डक्ट आहे, म्हणजे सगळे पाइप जिथून वरखाली जातात तो अंधारा, उभा बोळ. काका तळाशी काम करत असले की हातातल्या पान्याने पाइपावर दोन ठोके मारायचे आणि मान वर करून थांबायचे. चांगली पाच मिनिटं. मग गुडघ्यावर हात देत चार मजले चढून गच्चीवर जायचे, व्हॉल्व्ह स्वतः सोडायचे आणि पुन्हा उतरायचे. काकूंचं म्हणणं, खालून दोन ठोके गेले की वरूनही दोन येतात, आणि वर तर कोणीच नसतं. त्यांनी घरात वास्तुशांत करून घेतली. गुरुजींचा मंत्र चालू असताना डक्टमधून टक् टक् झालं आणि गुरुजींनी पुढची दोन पानं एका दमात उरकली. अखेर सेक्रेटरी या नात्याने मी काकांना चहाला बसवलं आणि सरळ विचारलं. चहाचं सांगायचं तर त्यांना तीन चमचे साखर लागायची आणि डॉक्टरांनी ती पार बंद केली होती. मी अर्धा चमचा घालायचे, आणि पहिल्या घोटाला ते माझ्याकडे असं बघायचे की मी त्यांचा जन्मभराचा विश्वासघात केला आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. प्लंबरचं काम जोडीचं. एक खाली, एक गच्चीवर, आणि मोबाइल नव्हते तेव्हा बोलणं पाइपावरून. एक ठोका म्हणजे बंद कर. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे झालं काम, खाली ये. ज्याला ठोका ऐकू आला त्याने तेवढेच ठोके परत द्यायचे, म्हणजे समजलं. काकांचा जोडीदार त्यांच्याच वाडीतला, पोरवयापासून बरोबर शिकलेला. बावीस वर्षांपूर्वी ही आमचीच इमारत नवी होत होती. दुपारी काम आटोपलं, काकांनी खालून तीन ठोके दिले. उत्तर नाही. त्यांना वाटलं, आळशी, सावलीत पडला असेल. त्यांनी दोन शिव्या घातल्या, पुन्हा तीन ठोके दिले, चहा मागवला, त्याचा कप गार झाला म्हणून तोही पिऊन टाकला, आणि मग वर गेले. जोडीदार टाकीला पाठ टेकून बसला होता, हातात पाना, डोळे उघडे. "हार्ट," काका म्हणाले. "पन मला काय वाटतं सांगू? मीच त्याला ये म्हटलं. तीन ठोके दिले आनि तो गेला. त्यानंतर मी तीन कधी ठोकले नाय. कुठंच नाय. तेवढे दिले नाय तर तो कामावरच हाय ना?" मी न राहवून विचारलं, मग दुसऱ्या इमारतींत काम करता तेव्हा तो कुठे असतो? काका माझ्या अज्ञानावर हसले. "तो माझा जोडीदार होता, बाई, तुमचा वॉचमन नाय. जिथं मी, तिथं तो वर."

असा हा माणूस. प्लॅस्टिकच्या पाइपांवर त्यांचा भारी राग होता, कारण ते मुके. लोखंडी पाइप बदलायची वेळ आली की ते घरच्यासारखे हळवे व्हायचे. पण त्यांना खरी धास्ती वेगळीच होती. फुलपाड्यातल्या, तुळिंजमधल्या कितीतरी इमारतींच्या भिंती त्यांनी आपल्या हाताने बंद केल्या होत्या, आणि कुठला पाइप कुठून वळतो याचा कागद कोणाकडेच नव्हता. बिल्डर गेले, नकाशे गेले, होतं ते सगळं काकांच्या डोक्यात. "मी गेलो की ह्या बिल्डिंगा आंधळ्या होतील बघा," ते म्हणायचे. "लोक पानी शोधत घरं फोडत बसतील." त्यांचा मुलगा सुरतेला एका ऑफिसात होता. त्याला टाय लावायला शिकवण्यासाठी काकांनीच उन्हातान्हात डक्ट उपसले, आणि आता तो फोनवर वडिलांना काम बंद करा, लाज वाटते म्हणायचा. काका हे हसत सांगत, पण सांगून झाल्यावर बराच वेळ लाटणं हातात फिरवत बसत.

त्याच सुमाराला माझी मुलगी तन्वी घरी बसली होती. बीएस्सी आयटी, पहिला वर्ग. अंधेरीला एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायचं काम होतं. एके दिवशी तेच काम संगणक स्वतःच करू लागला आणि तिच्या अख्ख्या टेबलाला निरोपाचा केक मिळाला. मी तिच्यापुढे बँकेच्या परीक्षांची पुस्तकं रचून ठेवली. ती ती पुस्तकं घेऊन गच्चीवर जायची आणि नुसती आकाशाकडे बघत बसायची. महिनोन्महिने ती कोणाशी धड बोलत नव्हती. मला तिची भीती वाटायची, म्हणजे तिच्यासाठी वाटायची. अशाच एका दुपारी काका खाली डक्टमध्ये होते. त्यांनी सवयीने दोन ठोके मारले आणि मान वर केली. आणि वरून दोन ठोके आले, स्वच्छ, खणखणीत, आणि पाठोपाठ पाइपातून पाणी धो धो उतरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. काकांच्या हातातला पाना गळून पडला. ते त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले न थांबता चढले. मी घाबरून मागोमाग गेले. गच्चीत तन्वी उभी, हातात फरशीचा तुकडा.

"सॉरी काका," ती म्हणाली. "तुम्ही रोज दोनदा ठोकता, मग वर येऊन हा व्हॉल्व्ह फिरवता. म्हटलं तुमची एक फेरी वाचेल. चुकलं का काही?"

काका टाकीपाशी खाली बसले. मग म्हणाले, "नाय बाय. बरोबर केलंस. फक्त पहिला मला वाटलं..." आणि डोळे पुसून हसायला लागले. "बावीस वर्षांनी कोना जित्या मानसाने उत्तर दिलं."

झालं. तन्वी त्यांच्यामागे फिरायला लागली. चार दिवस गंमत म्हणून मी गप्प बसले. पण ती जेव्हा आयटीआयचा प्लंबिंगचा फॉर्म घेऊन आली, तेव्हा माझा तोल सुटला. मी काकांना दारातच गाठलं. मी काय बोलले ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. मी म्हटलं, तुमच्या स्वतःच्या मुलाला टाय लावायला शिकवलंत आणि माझ्या मुलीच्या हातात पाना देता? तिला घाणीत उतरवायला मी पहिला वर्ग मिळवून दिला का? काका खाली बघत ऐकत होते. "तुमचं बरोबर हाय," एवढंच म्हणाले. "माझ्या पोराच्या वेळी मला पन हेच वाटलं होतं." पिशवी उचलून ते गेले, ते दोन महिने आमच्या इमारतीत आलेच नाहीत. आणि खरं सांगते, तेव्हा इमारत जितकी भेसूर वाटली तितकी ठोक्यांनी कधी वाटली नव्हती. भिंती गप्प झाल्या. शांत करून घेणाऱ्या काकूच एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "अहो, हल्ली वर कोणीच नसल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात आमच्याच स्वयंपाकघरात ओल आली. मी हट्टाने दुसरा प्लंबर बोलावला. त्याने चार ठिकाणी टाइल्स फोडल्या, पाचवी फोडायला परवानगी मागितली आणि जेवायला म्हणून गेला तो गेलाच. संध्याकाळी तन्वीने काही न बोलता माझं लाटणं उचललं. माझ्या सासूबाईंचं लाटणं ते. एक टोक भिंतीला, एक कानाला. तिचा चेहरा बघून मी चपापले, कारण डोळे मिटून ती ज्या तऱ्हेने मान वाकवत होती ती मान तिची नव्हती. ती फ्रिजच्या मागे थांबली, जिथे ओलीचा मागमूसही नव्हता. "आई, इथे," ती म्हणाली. "वाट चुकलंय." छिन्नीच्या तिसऱ्या घावाला पाणी लागलं. आत सिमेंटमध्ये काकांच्या अंगठ्याचा ठसा होता, वळणाच्या बरोबर शेजारी. पुढे येणाऱ्याला कळावं म्हणून ते प्रत्येक वळणापाशी तसा ठसा उमटवत. तन्वीने त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः रिक्षा करून गासला गेले आणि काकांच्या दारावर दोन ठोके मारले.

पुढची दोन वर्षं आनंदाची. सकाळी आयटीआय, दुपारी काका. ते खुर्चीवर बसून सांगत आणि ती एकेका इमारतीचे पाइप मोठ्या ड्रॉइंगशीटवर उतरवून घेई. तिच्याकडे हळूहळू इतकी कामं यायला लागली की तिला बोलवायचं तर मला, सेक्रेटरीला आणि जन्मदात्रीलाही नंबर लावावा लागे. काकू तर भाचीला बजावायच्या, नुसती डिग्री घेऊ नकोस, हाताला काहीतरी शीक. काकांनी तन्वीला एकच गोष्ट बजावली होती: तीन ठोकायचे नाहीत. काम संपलं की आपण वर जायचं आणि तोंडाने सांगायचं. श्रावणात काका गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच, ड्रॉइंगशीट मांडीवर. त्यातली शेवटची इमारत पुरी झाली होती.

त्यानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. डक्टच्या तळाशी मुख्य लाइनीचा जोड बदलायचा होता. तन्वीबरोबर काम करणारी मुलगी आजारी, म्हणून गच्चीवर मी. जुना पाना माझ्या हातात दिला आणि तन्वी म्हणाली, "आई, दोन ठोके आले तरच सोडायचं. मी लाइन उघडी करून आत असणार." मी टाकीच्या सावलीत बसले. भर दुपार, वारा पडलेला, कावळासुद्धा नाही. शेजारच्या इमारतीत सुताराचं काम चाललं होतं. मधेच टक् टक् झालं. मी उठले आणि व्हॉल्व्हला हात घातला. तेवढ्यात माझ्या पायाशी, त्या पाइपावर, एक ठोका पडला. एकच. इतका जवळून की तळव्यांना जाणवला. बंद कर. मी हात काढून घेतला आणि पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिले. पुष्कळ वेळाने खालून दोन ठोके आले, तन्वीचे, हलके आणि झटपट. मी दोन परत दिले आणि पाणी सोडलं.

ती वर आली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं मधेच बंदचा ठोका दिलास, मी सुताराच्या आवाजाला फसले होते. तन्वी म्हणाली, "मी कुठे? माझे दोन्ही हात कोपरापर्यंत आत होते, आई. डोकंही आत होतं. तू सोडलं असतंस तर..." मग टाकीकडे वळून, जसं शिकवलं होतं तसं, हळूच म्हणाली, "काका, झालं काम." आणि हात धुवायला खाली गेली.

मी एकटी उरले. पाना हातात होता. मनात आलं, गुडघे दुखणारा माणूस, चार मजल्यांवर या उन्हात बसलाय. जोडीदार तर चोवीस वर्षं बसलाय. आपण तीन ठोके द्यावेत आणि दोघांना मोकळं करावं. मी पाना उचललासुद्धा. पण खाली माझी पोर होती, आणि उद्या तिला बी विंगच्या डक्टमध्ये उतरायचं होतं. मी इतकी आपमतलबी असेन असं मला वाटलं नव्हतं. मी पाना खाली ठेवला, घरी जाऊन चहा केला आणि दोन कप टाकीपाशी ठेवून आले. काकांच्या कपात साखर मात्र मोजून तीन चमचे घातली.